ट्रम्पेटची राखण : संरक्षक आवरणे निवडताना आणि शिवताना

वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती समाजात लग्नकार्य असो वा सणाची मिरवणूक, ब्रासबँडला मानाचे स्थान आहे, आणि त्या बँडमध्ये ट्रम्पेटवादक बहुधा पुढच्या रांगेत असतो. कित्येक घरांत हे वाद्य वडिलांकडून मुलाकडे येते. काही पथकांत एकच वाद्य अनेक विद्यार्थ्यांच्या हातांतून जाते. असे वाद्य निकामी झाले, तर एखाद्या मुलाचे शिक्षण थांबते आणि एखाद्या कुटुंबाच्या मिळकतीत खंड पडतो. म्हणून ट्रम्पेटची राखण करणारी आवरणे कोणती, ती कशी पारखावीत आणि त्यांपैकी कोणती घरच्या शिलाईयंत्रावर तयार करता येतील, याची माहिती वाचकांसाठी येथे एकत्र देण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक सूत्र सांगून ठेवतो. वाद्य पडेल, आपटेल ही भीती सर्वांनाच असते. म्हणून माणसे ते घट्ट गुंडाळून ठेवतात. आमच्याकडच्या दमट हवेत मात्र पितळेचा खरा वैरी ओलावा आहे. जे आवरण धक्का अडवते पण ओलावा कोंडून ठेवते, ते राखण करत नाही, हळूहळू नाश करते. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

वाद्याची घडण

पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू होय. ट्रम्पेटसाठी सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या पिवळ्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. तांब्याचे प्रमाण वाढवून ८५ टक्के केले की सोनेरी छटेचे आणि ९० टक्के केले की तांबूस छटेचे पितळ मिळते. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडली, तर तिची लांबी सुमारे १४८ सेंटिमीटर भरते. तिचा पत्रा मात्र अवघा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. वाद्याचे वजन एक किलोच्या थोडे वर असते. एवढे वजन एवढ्या पातळ पत्र्यावर आपटले की पोचा पडणे स्वाभाविक आहे.

वाद्याच्या मध्यभागी तीन व्हॉल्व्ह असतात. प्रशियामध्ये हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांना १८१८ साली व्हॉल्व्हच्या शोधाचे संयुक्त पेटंट मिळाले. आजच्या ट्रम्पेटमधील पिस्टनची रचना मात्र पॅरिसचे कारागीर पेरिने यांच्या नावाने ओळखली जाते. बाहेरच्या नळकांड्यात पिस्टन खाली-वर सरकतो, आणि दोहोंमधील फट केसाच्या जाडीहून कमी असते. त्यामुळे नळकांड्याला बाहेरून जरासा दाब बसला तरी पिस्टन अडकतो.

सर्वच धक्के सारखे घातक नसतात. १९५३ साली न्यूयॉर्कमधील एका मेजवानीत विख्यात जॅझवादक डिझी गिलेस्पी यांच्या ट्रम्पेटवर कोणीतरी पडले आणि त्याची बेल, म्हणजे पुढचे रुंद तोंड, वर वाकले. गिलेस्पी यांना तसे वाजवणे आवडले व पुढे त्यांनी मुद्दाम वर वळलेल्या बेलची वाद्ये घडवून घेतली. बेल वाकली तरी वाद्य वाजते. तोच आघात नळकांड्यावर झाला असता, तर वाद्य तेथेच मुके झाले असते. संरक्षणाचा पहिला हक्क नळकांड्यांचा आहे, तो यामुळे.

घाम, ओलावा आणि अमोनिया

ट्रम्पेट डाव्या हाताच्या मुठीत धरले जाते, आणि ती मूठ नेमकी नळकांड्यांवर असते. घामातील मीठ व आम्ल प्रथम वरचा लॅकरचा किंवा चांदीचा मुलामा खातात आणि नंतर पितळेला भिडतात. घाम दीर्घकाळ साचून राहिला की पितळेतील जस्त निघून जाते आणि तांब्याच्या रंगाचे गुलाबी ठिपके दिसू लागतात. हाच विकार आतूनही होतो. वाजवताना श्वासातील बाफ थंड धातूवर जमून पाणी होते आणि ते माऊथपीसलगतच्या नळीत साचून राहते. बाहेरून कितीही चांगले आवरण घातले तरी आतील पाणी काढल्यावाचून वाद्य सुरक्षित होत नाही.

तिसरा वैरी अमोनिया. ब्रिटिश काळातील एक प्रसंग धातुशास्त्राच्या पुस्तकांत आजही दिला जातो. भारतातील ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जात, आणि काही काळाने ती आपोआप तडकलेली आढळत. ऋतूशी संबंध दिसल्यामुळे या विकाराला ऋतुभंग अशा अर्थाचे नाव पडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो, आणि घडवताना धातूत उरलेला ताण त्याला तडा देतो. ट्रम्पेटच्या नळ्याही वाकवून घडवलेल्या असतात. म्हणून वाद्याची पेटी गोठ्यालगत, कोंबड्यांच्या खुराड्यालगत किंवा शौचालयाच्या भिंतीशी ठेवू नये. अमोनिया असलेले पॉलिशही वाद्याला लावू नये. घरची तांब्यापितळेची भांडी आपण चिंच-मिठाने लखलखीत करतो. वाद्यावर तो प्रयोग अजिबात करू नये, कारण त्याने मुलामा खरवडला जातो.

पकडीचे आवरण कशाचे असावे

नळकांड्यांभोवती गुंडाळण्याच्या आवरणाला बँडवाले व्हॉल्व्ह गार्ड म्हणतात. बाजारात ते चामड्याचे, कृत्रिम चामड्याचे आणि कापडाचे मिळते.

चामडे दिसायला सुबक, हाताला मऊ आणि टिकाऊ असते. परंतु ते घाम शोषून धरून ठेवते, आणि झाडाच्या सालीने कमावलेले चामडे मुळातच आम्लधर्मी असते. चामडी पट्ट्यात दीर्घकाळ राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा चिकट थर चढतो, हे सैनिकांना व शिकाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. चामड्यातील स्निग्ध आम्लांचा तांब्याशी संयोग होऊन हा थर बनतो. चामडी गार्डखाली हेच घडते, फक्त ते दिसत नाही. ज्याला चामडेच हवे, त्याने प्रत्येक वादनानंतर ते उघडून धातू व चामडे दोन्ही पुसावे. नाडीने कायमचे आवळून बांधलेले गार्ड घेण्यापेक्षा क्षणात सुटणारे घ्यावे.

कृत्रिम चामडे, विशेषतः रेक्झिन, घाम शोषत नाही; तो घाम धातू व आवरण यांच्यामध्ये अडकतो. शिवाय काही प्रकारच्या लॅकरला ते उन्हाळ्याच्या उष्म्यात चिकटून बसते. रबराचा तर चांदीच्या मुलाम्याशी उभा दावा आहे. रबरात गंधक असते आणि गंधकाने चांदी काळी पडते. लोकरीतही गंधक असल्याने चांदीच्या मुलाम्याचे वाद्य लोकरी कापडात गुंडाळू नये.

उरले सुती कापड. ते घाम शोषते, पण धुता येते आणि लवकर वाळते. चामड्याइतके ते देखणे नसेल, टिकेलही कमी. तथापि आपल्या हवामानात, आणि विशेषतः विद्यार्थ्यांसाठी, आम्ही सुती आवरणालाच पहिली पसंती देऊ.

घरी शिवण्याची रीत

या कामासाठी अर्धा मीटर सुती ड्रिल, तेवढेच सुती फलालीन, सुती दोरा, गोटासाठी तिरपी पट्टी आणि वेल्क्रोची पट्टी किंवा नाडी एवढे साहित्य पुरते. यात दोन आवरणे होतात.

प्रथम दोन्ही कापडे कोमट पाण्यात धुऊन वाळवावीत, म्हणजे कांजी निघून जाईल आणि नंतर कापड आटणार नाही.

त्यानंतर जाड तपकिरी कागदाचा नमुना करावा. कागदाची पट्टी तळहात टेकतो त्या डाव्या बाजूस धरून पहिल्या व तिसऱ्या नळकांड्यांभोवती वळवावी आणि उजवीकडे दोन्ही टोके समोरासमोर आणावीत. जेथे नळी किंवा आडवा टेकू आड येतो तेथे खूण करून कागद कापावा. दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड उजवीकडे बाहेर येते. तिच्यासाठी मोकळी जागा सोडावी. कोणत्याही सरकत्या भागापासून आवरणाची कड तीन-चार मिलिमीटर दूर राहिली पाहिजे. वरची व खालची झाकणे आवरण न काढता फिरवता आली पाहिजेत, अन्यथा पिस्टनला तेल देण्याचा कंटाळा केला जातो. दोन वाद्यांची मापे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या नमुन्यावर विसंबू नये.

कागद नीट बसला की त्यावरून ड्रिल व फलालीन कापावे. जेथे गोट बसवायचा तेथे वाढीव कापड लागत नाही. बाकी शिवणीला एक सेंटिमीटर धरावे. फलालीनची मऊ बाजू धातूकडे ठेवावी. दोन्ही थर मिळून जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास राहिली, तर लहान मुलाची मूठही नीट बसते. मध्ये स्पंज भरण्याचा मोह टाळावा. तो घाम धरून ठेवतो आणि पकड बिघडवतो.

बंद करण्यासाठी वेल्क्रो वापरल्यास त्याची काटेरी बाजू धातूकडे येऊ देऊ नये, कारण तिने लॅकरवर ओरखडे उठतात. टिचबटणे शक्यतो टाळावीत. लावायचीच असल्यास त्यांच्या खाली कापडाचा आणखी एक पदर द्यावा.

आवरण चढवल्यावर तिन्ही पिस्टन दाबून पाहावेत, सर्व स्लाइड सरकवाव्यात आणि पंधरा मिनिटे वाजवावे. कोठेही अडथळा वाटल्यास कात्री चालवण्याची हीच वेळ. दोन्ही आवरणे आलटून-पालटून वापरावीत : एक वाद्यावर, दुसरे दोरीवर वाळत. दमट आवरण वाद्यावर ठेवून पेटी बंद करणे म्हणजे वाद्याला ओल्या फडक्यात बांधून ठेवणेच होय.

माऊथपीसची पिशवी

ट्रम्पेटवर पडणारे कित्येक पोचे बाहेरून येत नाहीत. पेटीत मोकळा टाकलेला माऊथपीस ते पाडतो. तो भरीव व जड असतो, आणि पेटी हलली की पातळ नळीवर आदळतो. त्याची शेपटी मात्र पातळ असते. तिचे तोंड चेपले की वाद्याचा सूर व स्वराची सहजता दोन्ही बिघडतात. म्हणून माऊथपीसला स्वतंत्र पिशवी हवीच. फलालीनचा अस्तर असलेली, तोंडाशी नाडी ओढण्याची छोटी पिशवी एका बैठकीत शिवून होते. शेपटी खाली जाते त्या तळाशी कापडाच्या दोन-तीन घड्या घालाव्यात. माऊथपीस धुऊन, पुसूनच पिशवीत घालावा, आणि पिशवी दर आठवड्यास धुवावी.

प्रवासात माऊथपीस वाद्यातच बसवून ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. धक्क्याने तो आत रुतून बसतो. रुतलेला माऊथपीस पक्कडीने ओढू नये, त्याने नळी पिळवटते. दुरुस्ती करणाऱ्याकडे यासाठी स्क्रूचे खास साधन असते.

पेटी की पाठीवरची बॅग

टणक पेटी लाकडी चौकटीची किंवा साच्यातील प्लास्टिकची असते. गर्दीच्या लोकलने अथवा एसटीच्या टपावरून प्रवास होत असेल, तर पेटीला पर्याय नाही. पाठीवरची बॅग हलकी व सोयीची असते, पण ती केवळ सोबत बाळगण्याच्या वाद्यासाठी; तिच्यावर दुसरे सामान ठेवता कामा नये.

पेटी विकत घेताना आपले वाद्य बरोबर न्यावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात. वाद्य आत ठेवून पेटी बंद करावी व हळूच डावी-उजवीकडे कलवावी. आत ठोका ऐकू आला तर ती पेटी आपल्या वाद्याची नव्हे. बेलची कड पेटीच्या भिंतीला टेकता कामा नये. वाद्याचा भार नळकांड्यांच्या दोन्ही बाजूंच्या आधारावर आला पाहिजे. तेलाच्या बाटलीसाठी झाकणाचा स्वतंत्र कप्पा असावा. कड्या घट्ट बसाव्यात आणि मुठीचे टाके दुहेरी असावेत. स्वरलिपीची पुस्तके वाद्यावर ठेवून झाकण दाबणे ही सर्वत्र आढळणारी सवय आहे. तो दाब थेट पिस्टनवर व स्लाइडवर येतो. पुस्तकांसाठी बाहेरचा खिसा किंवा वेगळी पिशवी हवी.

जुन्या पेटीत वाद्य सैल बसत असल्यास पोकळ्या भरून घेता येतात. गादीचा साधा स्पंज यासाठी वापरू नये. काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो आणि तो पिस्टनपर्यंत पोचतो. वस्तूंच्या वेष्टनात येणारा पांढरा, पाणी न शोषणारा फोम कापून, त्यावर सुती मखमल चढवून ठोकळे करावेत. धातूला स्पर्श कापडाचाच व्हावा.

पावसाळ्याचे चार महिने

आमच्याकडे लग्नसराई संपली की जून ते सप्टेंबर वाद्ये बहुधा पेट्यांत पडून राहतात. किनारपट्टीवर या काळात हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. वाद्याची खरी कसोटी मिरवणुकीत होत नाही, ती या बंद पेटीत होते.

पेटी मिटण्यापूर्वी वाद्य कोमट पाण्याने व सौम्य साबणाने आतून धुवावे. गरम पाणी वापरू नये, त्याने लॅकर सुटते. स्लाइड काढून, फडके ओढून आतील पाणी पुसावे व सर्व भाग वाळल्यावर स्लाइडना ग्रीस आणि पिस्टनना तेल लावावे. पकडीचे आवरण काढून वेगळे ठेवावे. पेटी रिकामी करून दोन दिवस उन्हात उघडी ठेवावी, म्हणजे अस्तरातील ओल निघून जाईल.

आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळ्या खड्यांत कोबाल्टचे विषारी संयुग असते, म्हणून घरात मुले असल्यास नारिंगी किंवा पांढरे खडे घ्यावेत. नारिंगी खड्यांचा रंग पालटला की ते ओलाव्याने भरले असे समजावे. सुटे खडे ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सियसवर तापवले की पुन्हा वापरता येतात. वाद्य प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवू नये. आत राहिलेली ओल तेथेच जिरते. दर पंधरा दिवसांनी पेटी उघडावी, वाद्य बाहेर काढावे आणि पिस्टन हलवावेत. पाच मिनिटे वाजवून, पुसून ठेवले तर अधिक चांगले.

पावसात वाद्य न्यावे लागले, तर प्लास्टिकचे आच्छादन बॅगेच्या बाहेरून घालावे आणि मुक्कामी पोचताच काढावे.

अन्य वाद्यांविषयी

कॉर्नेट व फ्लूगलहॉर्न यांना वरील सर्व सूचना लागू पडतात. मात्र पेट्या वेगळ्या मापाच्या लागतात. ट्रोम्बोनचा प्राण त्याच्या लांब स्लाइडमध्ये असतो. ती किंचित वाकली तरी सरकत नाही. म्हणून तिला झाकणातच सरळ, पक्की जागा असलेली पेटी पाहावी आणि उचलताना स्लाइडचा अडसर लावलेला असावा. युफोनियम व ट्युबा जमिनीवर टेकवले जातात. त्यांच्या तळच्या वळणाला जाड कापडी टोपी शिवावी व तीही काढता येईल अशीच.

कोविडच्या साथीत, २०२० नंतर, बेलवर ताणून बसवण्याची कापडी झाकणे अनेक देशांतील बँडनी वापरली. त्यांचा उद्देश श्वासातील सूक्ष्म तुषार अडवण्याचा होता. ती घरात उरली असतील तर धूळ अडवण्यासाठी उपयोगी पडतील, पण वाद्य आतून कोरडे झाल्यावरच चढवावीत.

निवड करताना

कोणतेही आवरण हाती घेतल्यावर चार प्रश्न विचारावेत. ते क्षणात काढता येते का? ते धुता किंवा पुसून कोरडे करता येते का? धातूला भिडणारी त्याची बाजू मऊ, आम्लरहित आणि गंधकरहित आहे का? ते चढवल्यावर वाद्याचा प्रत्येक सरकता भाग मोकळा राहतो का? चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर ते आवरण महाग की स्वस्त, विकतचे की घरचे, हा प्रश्न गौण ठरतो.

बँडपथकांच्या चालकांना आमची एक विनंती आहे. नव्या विद्यार्थ्याच्या हाती वाद्य देताना दोन सुती आवरणे, माऊथपीसची एक पिशवी आणि एक स्वच्छ फडके त्याच्या स्वाधीन करावे, आणि पहिला धडा सुराचा न देता पुसण्याचा द्यावा. सराव संपल्यावर पाणी काढणे, पुसणे, आवरण सोडणे आणि मग पेटी मिटणे या चार कृतींना पाच मिनिटेही लागत नाहीत. ही सवय ज्याला लागली, त्याच्या मागून शिकायला येणाऱ्या मुलालाही तेच वाद्य धडधाकट मिळेल.